रोगन कमी झाले तर लोक काय म्हणतील?

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याचा वलीमा होता. त्याचे वडील, म्हणजे माझे भाईजान, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यामुळे सगळी जबाबदारी माझ्यावर होती. बावर्ची सामानाची यादी घेऊन आले. एका देगेला १५ किलो तांदूळ, १५ किलो मटण आणि ५ किलो डालडा. डबल का मीठ्याचा पाव तळायला तेलाचा १५ किलोचा डबा वेगळा. मी म्हणालो, "चाचा, डालडा काढून टाका. शेंगदाण्याचे तेल घाला, आणि तेही अडीच किलोच."

चाचा हसले. "रोगन कम हुआ तो लोग नाम रखते, साब. मेरेकू नहीं, तुमकूच बोलते."

ज्यांना आमच्या दावतींची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोगन म्हणजे सालनावर किंवा बिर्याणीवर चमकणारा तेला-तुपाचा थर. मराठवाड्यातल्या आमच्या दावतीत यजमानाची इज्जत या थरावर मोजली जाते. थर जाड तर घर खानदानी, थर पातळ तर यजमान कंजूष. चाचांचा दोष नाही. त्यांनी आमच्या समाजाचा कायदा मला सांगितला, एवढेच.

भाईजानांची गोष्ट

भाईजान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. तंबाखू नाही, सुपारीही नाही. ५१ व्या वर्षी पहिला झटका आला. स्टेंट बसवला, गोळ्या सुरू झाल्या, वर्षभर तब्येत ठीक राहिली. मग कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. रिफाइंड तेल हे सर्व रोगांचे मूळ आहे, कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचे थोतांड आहे, रोज सकाळी दोन चमचे साजूक तूप आणि सोबत आमचे कलौंजीचे तेल घ्या, नसांतले ब्लॉकेज विरघळून जाते. बोलणाऱ्याच्या डोक्यावर टोपी होती आणि जिभेवर हदीस. भाईजानांनी बाटली मागवली आणि गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितले नाही. पाच महिन्यांनी दुसरा झटका आला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच सगळे संपले.

गोळ्या चालू असत्या तर ते वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. ते अल्लाहलाच ठाऊक. पण त्यांच्या चहलमच्या जेवणात देगेवर दोन बोटे रोगन तरंगत होते आणि लोक बिर्याणीची तारीफ करत जेवत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जेवणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून आज मला स्पष्ट बोलायचे आहे. आमच्या घरांत, मोहल्ल्यांत आणि मोबाइलवर रात्रंदिवस एकच वाद चालतो: तेल कोणते चांगले? तूप की तेल, घाण्याचे की रिफाइंड, ऑलिव्ह की खोबरेल? माझे म्हणणे असे आहे की हा वाद आमची पळवाट आहे. आम्हाला मारणाऱ्या गोष्टी तीन आहेत: वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आणि बेसुमार प्रमाण. या तिन्हींवर आम्ही गप्प बसतो, कारण त्यावर बोलले की दावत, रमजान आणि इज्जत या तिन्हींना हात लागतो.

वनस्पती: ९० वर्षांची फसवणूक

'डालडा' हे एका ब्रँडचे नाव, पण आमच्या बोलीत कोणत्याही वनस्पतीला डालडाच म्हणतात. त्याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातून जातो. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने, उष्णता आणि दाब देऊन हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखे घट्ट होते, ही युक्ती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये पेटंट केली. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पतीचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. ज्याला साजूक तूप परवडत नाही त्याला तुपासारखे दिसणारे, रवाळ, टिकाऊ आणि स्वस्त काहीतरी मिळाले. तुपातल्या भेसळीला वाट मिळते म्हणून गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला होता. पण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते की खरी गडबड भेसळीपेक्षा खोल आहे.

तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान या शास्त्रज्ञांनी माणसांवर प्रयोग करून दाखवले की हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते आणि चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी करते. साजूक तुपातली चरबी एलडीएल वाढवते, पण एचडीएल पाडत नाही. म्हणजे तुपाची नक्कल तुपापेक्षा वाईट निघाली. २००३ मध्ये डेन्मार्कने कायदा करून कारखान्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. अमेरिकेत फ्रेड कुमेरो या प्राध्यापकांनी १९५७ पासून या विषयावर लिहिले. त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर सरकारी यंत्रणेला कोर्टात खेचले, तेव्हा कुठे २०१५ मध्ये बंदीचा निर्णय झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की जगात दरवर्षी सुमारे ५ लाख लोक ट्रान्स फॅटमुळे होणाऱ्या हृदयविकाराने मरतात. आपल्या देशात ही मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली.

"मग आता डालडा चांगला झाला की!" असे मला बावर्चीही म्हणाले आणि दुकानदारही. नाही झाला. कायद्याने ट्रान्स फॅट कमी केले, पण घट्टपणा तर हवाच. तो आता मुख्यतः पामतेलाच्या घट्ट भागातून येतो, म्हणजे डॉक्टर ज्याला सॅच्युरेटेड फॅट म्हणतात त्या संपृक्त चरबीतून. एक विष कमी झाले म्हणून उरलेले अमृत होत नाही. शिवाय कायदा लेबल असलेल्या डब्यावर चालतो. बेकरीत सुट्या डब्यातून काय येते, खारी, नानखटाई आणि टोस्टमध्ये काय असते, हे आम्ही कधी विचारले आहे का? आमच्या मोहल्ल्यात सकाळच्या चहाबरोबर मुलांच्या हातात पहिली वस्तू कोणती पडते, ते आठवून पाहा.

एका बेटाची साक्ष

"तेल बदलून काय होते? सगळे नशीब असते," असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तिथे आहे. त्यात मराठी माणसे आहेत, मुसलमानही आहेत. रक्त आमचेच, मधुमेह आणि हृदयविकारही आमच्याचसारखे. १९८७ मध्ये तिथल्या सरकारने लोक रोज वापरत असलेले स्वस्त तेल बदलले. पूर्वी त्यात पामतेल जास्त असे, नंतर सोयाबीन आणले. कुणाला उपदेश केला नाही, डबा तोच, आतले तेल वेगळे. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये तपासणी झाली तेव्हा सरासरी कोलेस्टेरॉल आपल्याकडच्या मोजमापात २१३ वरून १८२ वर आले होते. इतर सवयीही थोड्या बदलल्या होत्या, पण संशोधकांनी या घसरणीचा मोठा वाटा तेलाला दिला.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगतो, कारण अर्धे सत्य सांगणाऱ्यांनीच आमचे वाटोळे केले आहे. त्याच पाच वर्षांत मॉरिशसमध्ये लठ्ठपणा वाढला. तेल चांगले आले, पण पोटे सुटत राहिली. तेलाचा प्रकार एक काम करतो, प्रमाण दुसरे काम करते, आणि पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

तूपवाले, घाणावाले, ऑलिव्हवाले

आता मोबाइलवरच्या पंडितांकडे वळतो. त्यांचे म्हणणे सगळे खोटे नाही, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे.

ते सांगतात, संपृक्त चरबीविरुद्धचे संशोधन कच्चे आहे. यात थोडे तथ्य आहे. अमेरिकेतील मिनेसोटात १९६८ ते १९७३ मध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये ती जुनी आकडेवारी नव्याने तपासून प्रसिद्ध झाली. पण एका प्रयोगावर कुणी मशीद बांधत नाही. असे अनेक प्रयोग एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये निष्कर्ष काढला की दोन वर्षे किंवा अधिक काळ संपृक्त चरबी कमी केल्यास हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे १७ टक्क्यांनी घटतात. हा चमत्कार नव्हे, पण थोतांडही नव्हे. म्हणजे वरणभातावर चमचाभर साजूक तूप घेणाऱ्याने घाबरू नये, आणि स्टेंट बसलेल्याने सकाळी दोन चमचे तूप औषध म्हणून पिऊ नये. खोबरेलात संपृक्त चरबी ९० टक्क्यांच्या आसपास असते, पामतेलात निम्म्याच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या हिश्शाहून कमी आणि करडईत दहा टक्क्यांहून कमी. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ते सांगतात, रिफाइंड विष आहे, घाण्याचे अमृत. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, काही उपयुक्त घटक टिकतात, हे खरे. रिफाइंड करताना त्यातले काही जातात, हेही खरे. पण करडईतली चरबी घाण्यातून काढली तरी करडईचीच राहते आणि रिफाइंड केली तरी करडईचीच. आणि कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरीच असतात. घाणा त्यातली एकही कमी करत नाही.

ऑलिव्हबद्दल बोलताना आमच्या लोकांचा आवाज जरा वेगळाच होतो. जैतूनचा उल्लेख कुरआनात आहे आणि तो आम्हाला प्रिय आहे. स्पेनमधल्या सुमारे साडेसात हजार लोकांवरच्या अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा घेणाऱ्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळले. त्या अभ्यासाच्या पद्धतीत चुका निघाल्या, २०१८ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध झाला आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण ते लोक ऑलिव्ह तेल भाज्या, कडधान्ये आणि मासळीबरोबर खात होते. डालड्यातल्या बिर्याणीवर वरून धार धरत नव्हते! आणि ज्या ओलेइक आम्लासाठी ऑलिव्हची एवढी वाहवा होते, ते शेंगदाण्याच्या तेलातही निम्म्याच्या आसपास असते. परदेशी बाटलीसाठी मजुराने उधारी करण्याची गरज नाही.

राहिली कलौंजी. तिच्याबद्दलची हदीस आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि माझी तिच्यावर श्रद्धा आहे. पण आजारी पडल्यावर इलाज करा, ही ताकीदही त्याच प्रेषितांची (स.) आहे. डॉक्टरांची गोळी बंद करा, असे कोणत्या हदीसमध्ये आहे, ते या बाटलीवाल्यांनी दाखवावे. दीनचे नाव घेऊन माणसाला त्याच्या औषधापासून तोडणारा व्यापारी माझ्या लेखी भेसळ करणाऱ्याहून वाईट आहे. भेसळ करणारा निदान हदीस सांगत नाही.

कढईतले काळे तेल

रमजानमध्ये असरनंतर कोणत्याही बाजारात जाऊन पाहा. समोसे, भजी, कबाब, मालपोवे. कढईतले तेल सकाळचे नव्हे, कधीकधी कालचे आणि परवाचेही असते. ते काळे, दाट झालेले असते, फेस येतो, धूर निघतो. दर वेळी तापताना तेल तुटते आणि त्यात पोलर घटक साठत जातात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि १ जुलै २०१८ पासून ती लागू आहे. त्यापुढचे तेल तळणासाठी वापरणे कायद्याने मना आहे. गाडीवाल्याला हा नियम ठाऊक नसेल. पण धूर आणि फेस आम्हाला तर दिसतो. १४ तास हलालशिवाय तोंडात काही न घालणारा माणूस मगरिबच्या अजानला तेच तेल तोंडात घालतो आणि मांस हलाल आहे का, एवढेच विचारतो.

घरातही फारसे वेगळे नाही. आमच्या अम्मी तळून उरलेले तेल गाळून बरणीत ठेवत, त्यात पुन्हा तळत आणि शेवटी सालनात संपवत. काटकसर म्हणून ते समजण्यासारखे होते. पण उपाय तेल पुन्हा वापरणे हा नाही. कमी तेलात आणि कमी वेळा तळणे हा आहे.

"आमचे दादा तर तूप पीत होते"

या वाक्यावर प्रत्येक चर्चा संपते. दादा तूप खात, पण कधी? ईदला, लग्नात, पीक आल्यावर. एरवी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, आणि करडईच्या तेलाची धार मोजून. ते दिवसभर शेतात उभे असत, शुक्रवारी जुम्मा गाठायला पायी तालुक्याला जात. आणि जे दादा चाळिशीत छाती धरून गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरले नाही, म्हणून आम्हाला फक्त नव्वदीतले दादा आठवतात. आज आमचा तरुण दुकानात बसून असतो, मोटारसायकलवर फिरतो, आणि लग्नसराईत आठवड्याला तीन दावती खातो. इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांतील अभ्यासात दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. तंबाखू, साखर, रक्तदाब, मधुमेह ही कारणे आहेतच. म्हणून तेलाला माफी मिळत नाही.

आता देगेचा हिशेब करू. ५ किलो डालडा, खाणारी सव्वाशे माणसे. माणशी ४० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी, आणि त्यात मटणाची चरबी व मीठ्याचे तळण धरलेलेच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभरात वरून घ्यायचे तेल-तूप २० ते ३० ग्रॅमच्या घरात असावे. म्हणजे एका ताटात दीड-दोन दिवसांचा कोटा संपला. घराचा हिशेब असा: माणशी २५ ग्रॅम धरले तर पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो. आपल्या घरी महिन्याला किती येते, ते किराण्याच्या यादीत पाहा. माझ्या घरी सात किलो येत होते. आम्ही माणसे पाचच.

"गरिबाला हे परवडत नाही," असेही म्हणतात. उलट आहे. गरिबाला ऑलिव्ह परवडत नाही, पण अर्धे तेल प्रत्येकाला परवडते. अख्ख्या यादीत पैसे वाचवणारा हा एकमेव इलाज आहे, म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

मग करायचे काय?

दावतीसाठी वनस्पती बंद. तेल निम्मे, आणि ते बावर्चीला लेखी सांगा, म्हणजे नावे त्यांना ठेवली जाणार नाहीत. घरात शेंगदाणा, करडई, सोयाबीन, सूर्यफूल यांपैकी जे मिळेल ते आलटून पालटून वापरा, पण मोजून. तळलेले तेल काळे पडले, फेसाळले की टाकून द्या. रमजानमध्ये इफ्तारला फळे, खजूर, चणे आणि तळणाचा एकच पदार्थ. आणि हृदयाची, रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही व्हिडिओवरून बंद करू नका. इमाम साहेबांना माझी विनंती आहे की जुम्म्याच्या बयानात इस्राफवर बोलताना एकदा देगेचेही नाव घ्यावे. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आम्ही तोंडपाठ केली आहे. ताटात ती अजून उतरलेली नाही.

पुतण्याच्या वलीम्यात शेवटी अडीच किलो तेलच पडले. चाचांनी कांदा, दही आणि मसाला जरा वाढवला. बिर्याणी चांगली झाली होती, असे मला वाटले. दोन-तीन जणांनी ऐकू येईल इतक्या आवाजात म्हटलेच, "रोगन दिखराच नहीं." भाभींनी ते ऐकले. मला वाटले, त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "बोलने दो. ये बात दो साल पहले होना था."